मच्छीबाजारातला प्रश्न

"बाई, हळू बोला. हा मच्छीबाजार नाही."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी हे माइकवरून म्हटलं. अख्खा मांडव हसला. माझ्या शेजारी आई बसली होती, जन्मभर मच्छी विकलेली. पदर तोंडाला लावून ती खाली बघत राहिली.

जनसुनावणी होती. बोईसरकडच्या एका कारखान्याचं सांडपाणी पाइपातून आमच्या गावासमोर समुद्रात सोडायचं होतं. मी एवढंच विचारलं, "ओहोटीला पाणी समुद्रात आत जाईल. भरतीला ते परत आमच्या खाडीत येईल, त्याचं काय?" माइक माझ्यापर्यंत आलाच नव्हता, म्हणून आवाज चढवला. आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलतात. किनाऱ्यावरची हाक होडीपर्यंत पोचवायची असते.

"बस गो बाय," आई पुटपुटली. मी बसले.

मग शिरगावला सुट्टीचा बंगला असलेले एक गृहस्थ उठले. माइक धावत त्यांच्याकडे गेला. त्यांनी माझाच प्रश्न विचारला. इंग्रजीत. साहेब पुढे झुकले.

"व्हेरी इन्सायसिव्ह क्वेश्चन, सर."

इन्सायसिव्ह. मी शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. त्याच आठवड्यात हा शब्द फळ्यावर लिहिला होता. धारदार, थेट मुद्द्याला हात घालणारा. प्रश्नाला लावतात, टीकेला लावतात, बुद्धीला लावतात. कुणाच्या प्रश्नाला लावतात, ते मी शिकवलं नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

अंगाची लाही झाली. आणि भीती वाटली. कारण गृहस्थ उत्तर न घेताच खाली बसले होते. कौतुकानेच त्यांचं समाधान झालं. साहेब पुढच्या विषयाकडे वळले.

मी उठले, चालत गेले आणि त्या गृहस्थांच्या हातातला माइक घेतला.

"मच्छीबाजारच हाय हा, साहेब. माशाचे कल्ले उघडून बघितल्याबिगर आमी माल घेत नाय. भरतीला पाणी कुठं जाईल? उत्तर द्या."

या वेळी कुणी हसलं नाही. माइक बंद झाला. कोपऱ्यातला एक माणूस शांतपणे मोबाइलवर माझा फोटो काढत होता. मग त्याने आईचा काढला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "तुमची नोकरी पर्मनंट नाही, लक्षात आहे ना?"

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले, तर पाइप येऊन पडले होते. वाकून माणूस आत शिरेल एवढे मोठे. निकाल अजून लागायचा होता, पाइप आधीच आले. आई त्यांच्याकडे बघत उभी होती.

सकाळी मी तोच शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला. वाक्यात वापरा, म्हटलं. पहिलं वाक्य मीच दिलं: मच्छीवालीच्या मुलीने इन्सायसिव्ह प्रश्न विचारला.

नोकरी जाईल. जाऊ दे. ते पाइप किनाऱ्यावरून उचलले जाईपर्यंत मी विचारत राहणार. माइकशिवाय. आईच्या बाजारातल्या आवाजात.