सटवाच्या दोन हाका

सटवाला जाऊन पाच महिने झाले. तो मेंढपाळ होता. पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला त्याचं पत्र्याचं घर आहे. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. आठवीत तो मेंढरांमागं गेला. मी शिकत राहिलो, मराठी घेऊन एम.ए. झालो. याचं त्याला हसू यायचं.

"मराठी तर तुला येतच होती की बे माऊली. मग पाच वर्षं शिकलास काय?"

त्याला एक गोष्ट फार चांगली यायची. हरवलेलं जनावर तो शोधून काढायचा. आसपासच्या गावांतून माणसं त्याच्याकडं येत. शिरूरकडच्या एकाची म्हैस त्यानं चौथ्या दिवशी परत आणली. त्याबद्दल तो चहा घ्यायचा, दुसरं काही नाही. घरी आई ताराबाई, बायको उज्ज्वला आणि चार वर्षांची मुलगी. डोंगरावरचं गवत दिवाळीलाच संपायचं. मग तो कळप घेऊन हिरवं शोधत खाली उतरायचा, आणि पाऊस पडल्यावर परत यायचा.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या शेळी-मेंढी पाळणाऱ्यांचा एक दौरा केरळला निघाला. एक बस, चाळीस माणसं. तिकडं हिंदी-इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं म्हणून सटवानं माझं नाव दिलं. शेवटच्या दिवशी आम्हाला एक राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. सदाहरित जंगल, त्यात तळी, आणि तळ्यांच्या मधून जाणारी पायवाट.

जळवा लागू नयेत म्हणून गार्डनं सगळ्यांना गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे दिले. सिरसाळ्याच्या कौशल्याबाई ते घालायला तयार नव्हत्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, सहा शेळ्या पाळणाऱ्या.

"शाळंतल्या पोरीवानी मोजे घालू का आता?"

"घाला मावशी," सटवा म्हणाला. "जळू लागली तर मंग आमच्याकडं रडू नका."

"माझ्यात रगत कुठं हाय? जळूच उपाशी मरंल."

पण त्याच्यासमोर त्यांनी मोजे घातले.

आत ऊन नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते आणि संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, पाऊस मात्र नव्हता. बाकीचे फोटो काढत होते. सटवानं वाकून मूठभर माती दाबली. बोटांतून पाणी आलं.

"हितं मेंढरू जगायचं न्हाई," तो म्हणाला. "खुरं सडतील." थोडं चालल्यावर म्हणाला, "पर आपल्याकडं पाऊस कावून पडत न्हाई बे?"



दुसऱ्या तळ्यापाशी गार्डनं माणसं मोजली. एकोणचाळीस भरली. कौशल्याबाई नव्हत्या. त्या मघाशी झाडीत आडोशाला गेल्या होत्या, असं बायकांनी हळू आवाजात सांगितलं. गार्ड म्हणाला, कोणीही वाट सोडायची नाही, मी माणसं बोलावतो. मी ते मराठीत सांगितलं.

"तवर म्हातारी लांब जाईल," सटवा म्हणाला. "त्याला सांग, माझा धंदाच हाय ह्यो."

मी सांगितलं. गार्डनं नाही म्हणून मान हलवली आणि वायरलेसवर बोलू लागला. तो वळून बघेपर्यंत सटवा झाडीत शिरला होता. मला त्याच्यामागं पळता आलं असतं. मी पळालो नाही. तो त्यांना घेऊनच येणार, अशी माझीही खात्री होती.

त्याची हाक ऐकू आली. "कौशल्यामावशीऽऽ. कौशल्यामावशीऽऽ." मग शांतता. डोंगरातही तो असंच करायचा. दोन हाका मारायच्या आणि थांबायचं. चुकलेल्या मेंढीच्या गळ्यातली घंटा त्या शांततेत ऐकू येते. थोड्या वेळानं आणखी लांबून दोन हाका आल्या. मग त्याहून लांबून दोन. त्यानंतर काही आलं नाही.

दीड तासानं वनखात्याच्या माणसांना कौशल्याबाई सापडल्या. वाटेपासून शंभरएक पावलांवर, डोक्यावरून पदर घेऊन झाडाच्या बुंध्याशी बसलेल्या. अंगावर ओरखडाही नव्हता. सटवा भेटला का, असं मी विचारलं. त्या खाली बघत राहिल्या.

दिवस मावळेपर्यंत शोध चालला. सकाळी पुन्हा सुरू झाला. आतल्या एका तळ्याच्या कोपऱ्यात त्याची काठी चिखलात उभी सापडली. तिच्यापुढं सगळं हिरवं होतं. सपाट आणि दाट, चांगल्या पावसानंतरच्या माळासारखं. ती पाण्यावर वाढलेली वनस्पती होती. नवखी माणसं फसतात, असं गार्ड म्हणाला. दुपारी त्यांनी सटवाला बाहेर काढलं. काठापासून फार लांब नव्हता. शाळेच्या सुट्टीत विहिरीत पोहायला गावातली आम्ही सगळी पोरं शिकलो होतो. तेव्हा तो मेंढरांमागं असायचा.

मला वाटतं, ओ आली नाही म्हणून म्हातारी पाण्याकडं गेली असणार, असा त्यानं अंदाज बांधला. जनावर तसंच जातं. आणि पुढं हिरवं दिसल्यावर तो थांबला नसणार.

दवाखान्याच्या बाकावर कौशल्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मी आवाज ऐकलता त्याचा," त्या म्हणाल्या.

त्यांना वाट सापडेना, तेव्हा चकवा लागला असं वाटलं. चकवा लागला की आहे तिथं बसून राहायचं, हे त्यांना सासऱ्यानं शिकवलं होतं. चकवा ओळखीच्या आवाजात हाक मारतो. पण दोनदाच, तिसरी हाक त्याला मारता येत नाही. म्हणून तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही.

"दोन झाल्या की गप. परत दोन, की गप. मी तिसरीची वाट बघत बसले रं."

हे कोणाला सांगू नका, असं मी त्यांना म्हणालो.

तेराव्याला त्या आल्या. दोन एसट्या बदलून, एकट्या. मी त्यांना दारातच अडवलं.

"मावशी, नका."

"तू शिकलेला हायस. तुला दडवता येतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ताराबाईंच्या समोर जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ताराबाईंनी विचारलं, "किती लांब हुता?"

"त्या लिंबापस्तोर."

सगळ्यांनी दारातून लिंबाकडं बघितलं. तीस पावलं असतील. लिंबाखाली सटवाची मुलगी दुसऱ्या पोरींबरोबर खेळत होती.

"मी बी ओ दिली नसती," ताराबाई म्हणाल्या. नंतर त्या भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

उज्ज्वला तेरा दिवस कोणाशी बोलली नव्हती. ती कोपऱ्यातून उठली. ती काय करेल ते कळेना, म्हणून मी पुढं झालो. ती कौशल्याबाईंच्या जवळ येऊन बसली.

"आवाज कसा हुता त्यांचा? भ्यालते का?"

"न्हाई गं बाई. दारातून बोलवावं तसा हुता."

"दमलेले वाटत हुते का?"

"न्हाई."

उज्ज्वला आणखी जवळ सरकली. कौशल्याबाईंचा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"परत सांगा," ती म्हणाली. "पयल्यापासून."