उसने नऊ

२०१३ साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या कालगुर्लीत माझ्याहून हट्टी माणूस एकच होता : मागच्या घरातले अलिबागवाले. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण विहिरी खणण्यात. मुलगा इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर, म्हणून मी इथे. त्यांची लेक हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून ते. आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे यहुदी. जावई हिंदू, त्यामुळे गावात यहुदी पुरुष ते एकटेच. शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या पवित्र दिवशी, दिव्याच्या बटणालाही हात लावायचे नाहीत, आणि दुसऱ्याला लाव म्हणायचंही नाही. मग मला बोलावून, आज उजेड जरा जास्तच आहे, नाही का, असं म्हणत बसायचे. मी म्हणायचो, आहे खरा, आणि हलायचो नाही. लेक येईपर्यंत दिवा भरदुपारी जळायचा.

एकदा पेपरात फोटो आला. यरुशलेमकडे पडक्या घराखाली सोनं निघालेलं, त्यात सात फांद्यांची समई कोरलेलं पदक. अलिबागवाल्यांना सोन्याचं काहीच नाही. "विहीरवाले, ज्यानं पुरलं तो परत आला नाही हो," म्हणाले. "त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली असेल?" हजार-दीड हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी त्यांनी सुतक धरून दाढी करणं सोडलं.

त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेही यहुदी. नऊ उसने घेतो, देव समजून घेईल, म्हणत ते मराठी घरं फिरले. खाणवाले, दोन डॉक्टर, वसईचा एक ख्रिस्ती, माझा मुलगा आणि मी. रविवारची संध्याकाळ ठरली.

त्याच दुपारी मी सहज म्हटलं, ते खणणारे ब्रशनं माती काय झाडतात, मला पहार दिली असती तर जेवणाआधी काम उरकलं असतं.

"तुमच्या पहारेनं पदकाचा पत्रा झाला असता," ते म्हणाले.

चाळीस विहिरींना पाणी लावलेल्या माणसाला हे! मी गेलो नाही.

मुलगा रात्री परतला. म्हणाला, अलिबागवाल्यांनी तासभर दारात उभं राहून वाट पाहिली, मग प्रार्थना न म्हणताच पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना मलिदा वाढला. गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे, पण कुणाला गोड लागले नाहीत. मी म्हटलं, माणसं उसनीच होती, एक कमी तर कमी.

"मीही तेच म्हटलं, बाबा. ते म्हणाले, तो रागावलाय, गेलेला नाही. येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टोपी घातली, शिफ्टला निघालेल्या मुलाची गाडी फाटकात अडवली आणि आत बसून म्हटलं, आधी त्या बाकीच्या सातांकडे चल.