डायनिंग रूमच्या दारात

"जेवून राहिली, का नुसती खाऊन राहिली वं?"

दुपारी मी डबा उघडला की पाठीमागून हा प्रश्न यायचा. माझा एक हात भाजी-पोळीत, दुसरा कॉम्प्युटरच्या माउसवर, आणि फोन मान वाकडी करून खांद्यावर धरलेला. मी काही बोलायच्या आत काका येत, फोन काढून घेत, टेबलावरचे पासपोर्ट बाजूला सारत आणि डब्याखाली स्वच्छ कागद पसरत. मग म्हणत, "आता जेव."

सीताबर्डीवरच्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो. मी तिकिटं काढायची. काका जहाजाच्या सहलीला जाणाऱ्या लोकांना सगळं समजावून सांगायचे. त्याआधी त्यांनी बावीस वर्षं मोठ्या प्रवासी जहाजांवर काढली होती. आधी वेटर, मग डायनिंग रूमच्या दारावरचे मुख्य. पाहुण्यांचं स्वागत करायचं, त्यांना टेबलापर्यंत न्यायचं, आणि कोणाचा पोशाख त्या संध्याकाळच्या नियमात बसत नसेल तर त्याला गोड बोलून परत पाठवायचं, हे त्यांचं काम.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला पाहून आपण नकळत ताठ बसतो. काका तसे होते. नागपूरचा मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आम्ही ओढण्यांनी वारा घेतोय, आणि काका पांढऱ्याशुभ्र शर्टावर टाय बांधून बसलेले.

"काका, टाय तरी काढा ना," मी म्हणायची.

"टाय काढली का मले वाटते मी घरीच हाये. मग काम नाई होत."

ऑफिस झाडायला येणाऱ्या मावशी चहाला बसू लागल्या की काका उठून त्यांची खुर्ची मागे ओढत. पहिल्या दिवशी मावशी दचकून बाजूलाच झाल्या. "मोडकी हाये का जी?" असं विचारून त्यांनी खुर्चीचे चारही पाय तपासले. पुढे त्यांना सवय झाली. काका रजेवर असले की त्या खुर्चीजवळ जरा वेळ उभ्या राहत, मग स्वतःच ओढून घेत आणि आमच्याकडे अशा बघत की आम्हाला लाज वाटावी.

लोक त्यांना समुद्राबद्दल विचारत. त्यांना सांगण्यासारखं फारसं काही आठवत नसे. "समुद्र खिडकीच्या बाहेर होता. मी खिडकीकडे पाठ करून उभा राहत होतो," म्हणत. पण डायनिंग रूमचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. मधला गोल जिना, वर पेटलेलं झुंबर, शंभरावर टेबलं, आणि सगळे बसल्यावर एका क्षणासाठी होणारी शांतता. "मग पहिला चमचा वाजते," ते सांगत, "अन् मग सगळी खोली बोलाले लागते. तो आवाज मले नागपुरात कुठंच नाई भेटला. इथं लग्नातबी लोक उभ्याउभ्या खातात." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसत. खाली बर्डीची गर्दी वाहत असे. ते दुसरंच काहीतरी ऐकत असत.

सहलीआधी आठ-दहा दिवस ते सगळ्या प्रवाशांना ऑफिसात बोलवत. त्या बैठकीत पोशाखावरून वाद ठरलेलाच. जहाजावर एक-दोन संध्याकाळी औपचारिक जेवण असतं. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी साडी किंवा लांब गाऊन. ज्यांना नको असेल त्यांनी वरच्या मजल्यावर, जिथे आपापलं वाढून घ्यायचं असतं, तिथे जेवावं. काका हे सांगत आणि खोलीत कुजबुज सुरू होई.

एकदा एक तरुण नवरा उसळून म्हणाला, "सुट्टीवर चाललो का ऑफिसले? हाफपँट घातली तर अन्न घशाखाली उतरत नाही का?"

"उतरते ना," काका शांतपणे म्हणाले. "पण समोरची बाई तासभर आरशापुढे उभी राहून आली असते. तिच्यासमोर तू हाफपँटीत बसला, तर तिचा तो तास फुकट गेला. कपडे आपल्यासाठी नाई घालत, राजा. समोरच्यासाठी घालतो."

त्या तरुणाच्या बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की पुढे वादच उरला नाही. काकांचा हा मुद्दा मला पटायचा. आजही पटतो.

पण एका बैठकीत मात्र काका हरले.

नरखेडकडचे एक संत्र्याचे बागायतदार आणि त्यांची बायको आले होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने आणि जावयाने त्यांची सहल ठरवली होती. भाऊंचं पांढरं धोतर, पांढरा सदरा. वहिनी पदर नीट घेऊन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. काकांनी डायनिंग रूमचा फोटो पडद्यावर दाखवला तेव्हा त्या इतक्या हरखल्या की मोठ्यानेच बोलून गेल्या, "अहो, पाहा ना! मले त्या झुंबराखाली बसाचं हाये."

मग कोटाचा विषय निघाला. भाऊ उभे राहिले.

"मी कोट नाई घालणार जी. माह्या लग्नातबी नाई घातला. बापानं जन्मभर धोतर नेसलं, मीबी तेच नेसतो."

"मग त्या दिवशी तुम्ही वरच्या मजल्यावर जेवा," काका म्हणाले. "तिथं काही बंधन नाई."

वहिनींचा चेहरा उतरला. "घाला ना एक दिवस," त्या हळूच म्हणाल्या.

"नाई म्हटलं ना." भाऊंचा आवाज चढला होता, पण बायकोकडे बघून त्यांनाच वाईट वाटत होतं, हे आम्हाला दिसत होतं. मग ते काकांकडे वळले. "साहेब, एक विचारू? तुमचा बाप आला असता धोतरात, तर त्यालेबी वरच्या मजल्यावर पाठवलं असतं काय?"

भाऊंनी सहज विचारलं होतं. पण काकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "माफ करा," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. उरलेली बैठक मी कशीबशी पुरी केली.

सगळे गेल्यावर काका मला मागच्या गॅलरीत सापडले. टाय सैल केलेली. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना तसं पाहिलं.

"आला होता," ते म्हणाले. "माहा बाप आला होता."

काकांचं घर विणकरांचं. गोळीबार चौकामागच्या गल्लीत वडिलांचा माग होता. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर विणायचं. काका जहाजावर लागले त्याच्या चौथ्या वर्षी त्यांचं जहाज मुंबईला लागलं. कामगारांच्या घरच्यांना एक दिवस जहाज दाखवायची परवानगी मिळाली, आणि संध्याकाळी त्याच मोठ्या डायनिंग रूममध्ये त्यांना औपचारिक जेवण दिलं जाणार होतं. वडील एकटेच नागपूरहून आले. स्वतः विणलेलं लाल काठाचं धोतर, तसंच उपरणं. ते धोतर त्यांनी खास या दिवसासाठी विणलं होतं.

"दारावर त्या दिवशी मलेच उभं केलं होतं," काका सांगत होते. "बाजूले साहेब. ज्यांच्याजवळ कोट नाई त्यांच्यासाठी तिथंच काही कोट टांगून ठेवले होते. बाबा आले. मी म्हटलं, बाबा, हे घाला. साहेब पाहून राहिला होता ना."

"मग?"

"त्यांनी कोटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली. विणकर पाहते तसं. म्हणाले, कपडा चांगला हाये. अन् परत टांगून दिला. मले म्हणे, तू काम कर, मी बाहेर बसतो."

वडील डेकवरच्या खुर्चीत बसले. घरून आणलेल्या पोळ्यांची पुरचुंडी सोडली आणि जेवले. आत काका लोकांना टेबलं दाखवत होते. काचेतून त्यांना वडिलांची पाठ दिसत होती.

"रागावले का तुमच्यावर?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. गल्लीत सगळ्याईले सांगत फिरले, पोराचं जहाज लय मोठं हाये म्हणून. पुढच्या वर्षी गेले. मी तिकडं भर समुद्रात."

खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मग काकांनी उरलेलं सांगितलं.

काही वर्षांनी ते दारावरचे मुख्य झाले. तेव्हा नियमांची पुस्तिका त्यांच्या हातात आली. त्यात लिहिलं होतं, कोट-टाय, किंवा आपल्या देशाचा पारंपरिक पोशाख.

"तो नियम त्या दिवशीबी होता, पोरी. मले कोणी सांगितला नव्हता. अन् मी कोणाले विचारला नव्हता. साहेबाले एकदा विचारलं असतं, माहा बाप धोतरात चालते काय, तर तो हो म्हटला असता. मी विचारलंच नाई. मलेच लाज वाटून राहिली होती."

"मग काका, बैठकीत तुम्ही हा नियम कधीच कसा सांगितला नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितला असता तर दर वेळी मलेच ऐकू आला असता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाज कंपनीला मेल पाठवला. धोतर चालेल का, असा साधा प्रश्न. उत्तर आलं, आनंदाने या. काकांनी ते उत्तर कागदावर छापून घेतलं, एसटी पकडली आणि नरखेड गाठलं. तिथून भाऊंच्या गावापर्यंत कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले, टाय बांधूनच. हे मला नंतर वहिनींनी सांगितलं.

भाऊंनी कागद बघितला आणि परत दिला. "आमच्यासाठी वेगळी सवलत घेतली असंन तर नको जी. उपकार करून घ्यायले नाई चाललो मी."

"उपकार नाई, भाऊ. नियमच हाये," काका म्हणाले. "मीच लपवून ठेवला होता. माफी मागाले आलो."

का लपवला, ते भाऊंनी विचारलं नाही. त्यांनी काकांना बागेत नेलं, झाडाखाली चटई टाकली आणि स्वतः वाढलं. काका चटईवर मांडी घालून जेवले. "साहेब लाजत होते," वहिनी हसून सांगत. "वाढाले गेलं का उठूनच उभे राहत."

पुढचे आठ दिवस आमच्या ऑफिसात मोठी धांदल होती. काका दोघांना गांधीबागेच्या कापडबाजारात घेऊन गेले, मला पण ओढलं. दुकानदार एकेक धोतर उलगडत होता. काका प्रत्येकाचा काठ दोन बोटांत धरून बघत आणि मान हलवत. दहा-बारा धोतरं झाल्यावर एक हातमागाचं निघालं, बारीक लाल काठाचं. काकांची बोटं तिथेच थांबली. भाऊंना काय कळलं कोण जाणे, ते लगेच म्हणाले, "हेच द्या."

"पण कडक इस्त्री पाहिजे," काकांनी बजावलं. "धोतर असो का कोट, चुरगळलेलं माह्या डायनिंग रूममध्ये चालणार नाई." बावीस वर्षांनी सोडलेली नोकरी, तरी ती खोली अजून त्यांचीच होती.

ऑफिसात त्यांनी भाऊंना काटा-चमचा शिकवला, आलूबोंड्यावर. बोंडा दोनदा निसटून माझ्या फायलींवर आला. मग वहिनींसाठी खुर्ची ओढायचा सराव झाला. "वहिनी बसल्याबिगर आपण बसायचं नाई," काका सांगत होते.

"घरी असं केलं तर गाव हसन ना जी," भाऊ म्हणाले.

"हसू द्या ना," वहिनी म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर फोटो आला. झुंबराखाली गोल टेबल. भाऊ लाल काठाच्या धोतरात, ताठ. वहिनी हिरव्या नऊवारीत, आणि त्यांचं हसू फोटोत मावत नव्हतं. मी धावत काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो मोठा करून बघू लागले. मला वाटलं, ते धोतर बघताहेत, किंवा झुंबर. पण त्यांचं बोट फोटोच्या कोपऱ्याकडे सरकत गेलं. तिथे, लांबवर, दारावरचा माणूस अंधुक दिसत होता.

"मान झुकवली त्यानं," काका म्हणाले. "पाह्य. चांगला माणूस हाये." आणि फोन परत न देता तसेच बसून राहिले. मी डबा खाऊन आले तरी फोन त्यांच्याच हातात होता.

त्या हिवाळ्यात त्यांची तब्येत बिघडली. मुलगी रायपूरला असते, तिने त्यांना तिकडे नेलं. सुरुवातीला आमचे फोन होत. तिथल्या सोसायटीत लोक जिन्यात उभे राहून चहा पितात, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. काका गेले. दुपारी जेवून उठले आणि पडले, म्हणाली.

आता जहाजांवरचे नियम खूप सैल झालेत. प्रवासी विचारतात, "कोट लागतो का?" मी म्हणते, "नाही लागत." त्यांना बरं वाटतं. शेजारची काकांची खुर्ची नव्या मॅनेजरने मीटिंगच्या खोलीत नेली. मावशी आता चहा उभ्यानेच पितात.

काका रायपूरला जायला निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले होते. गाडी आली तशी डब्याच्या दाराशी झुंबड उडाली. मी त्यांची बॅग घेऊन आत घुसायला निघाले, तर काका दाराशीच बाजूला उभे. एका म्हातारीला हात देऊन वर चढवत होते. मग एक लेकुरवाळी बाई, मग बोचकं घेतलेला एक माणूस. प्रत्येकाला "या, या" म्हणत होते, जणू सगळ्यांची जागा त्यांना ठाऊक होती.

"काका, चला ना! तुमची मुलगी जागा धरून बसली आहे आत."

"थांब वं. आधी सगळे बसू दे."

शिट्टी झाल्यावर ते सगळ्यात शेवटी चढले. गाडी हलली. मला वाटलं, आता आत जातील. पण प्लॅटफॉर्म संपेपर्यंत ते दारातच उभे होते, पाठ ताठ, एक हात मागे, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाठ केली नाही.