आमेनच्या आधीचं बोलणं

आमच्या मंडळीच्या जुन्या कामांबद्दल कोणी विचारलं की मी नदीपलीकडच्या गावाची गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी आहे. तिथे आता प्रार्थनेची खोली आहे, वर पत्रे आहेत, समोर आंब्याचं झाड आहे. हॉस्पिटलच्या फेरीचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. कितीतरी वर्षं असाच उठत आलो. आता उठायला गुडघे साथ देत नाहीत, आणि टाळण्याचाही कंटाळा आला आहे.

आम्ही रायपूरमधली छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी. बहुतेकांचे वाडवडील विदर्भातून रेल्वेच्या नाहीतर सरकारी नोकरीसाठी इकडे आले. उपासना अजून मराठीत होते, पण उपासना सुटल्यावर वऱ्हांड्यात तरुण मुलं हिंदीतच बोलतात. मी सरकारी कचेरीत नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर मंडळीच्या मिशन समितीचा अध्यक्ष झालो. मिशन म्हणजे चर्चच्या भिंतीबाहेरचं काम. ते तेव्हा तीन ठिकाणी चालायचं: नदीपलीकडच्या गावात उपासना, पुरानी बस्तीतल्या मुलांची शिकवणी, आणि हॉस्पिटलची फेरी.

फेरी माझा मेहुणा करायचा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रेल्वेत गार्ड होता, आणि बोलायचा तोही गाडी सुटायच्या वेळेसारखा, मोठ्यानं. रविवारी उपासना संपली की दोन-तीन जणांना घेऊन तो मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचा. खांद्याला चहाचा भलामोठा थर्मास. दूरदूरच्या खेड्यांतून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे वऱ्हांड्यात चटया टाकून पडलेली असत. हा त्यांच्यात मांडी घालून बसायचा. “का होगे दाई? चाय पीबे?” काय झालं आई, चहा घेशील का, एवढंच. बायबल खिशात असायचं, पण कोणी म्हटल्याशिवाय बाहेर काढत नसे. आजारी माणूस गेलाच, आणि तो ख्रिस्ती असला, आणि गावी न्यायची सोय नसली किंवा गावात मातीला जागा मिळणार नसली, तर मेहुणा पुढे व्हायचा. पेटी आणायची, आपल्या कब्रस्तानात खड्डा खणून घ्यायचा, महिला मंडळाच्या बायकांकडून पेटीला आतून पांढरं कापड लावून घ्यायचं, पाळकांना बोलवायचं. त्या वऱ्हांड्यात त्याला ‘थर्मासवाला बबा’ म्हणत.

मग नवे पाळक आले. चांगले होते, तरुण होते, दमत नसत. त्यांचं म्हणणं होतं की मंडळी लहान होत चालली आहे, माणसं म्हातारी झाली आहेत, तीन कामं अर्धवट करण्यापेक्षा एक नीट करावं. प्राधान्य ठरवा, म्हणाले. यात चूक काहीच नव्हती. रविवारी गावात जायला माणसं कमी पडत, शिकवणीला तर कधीकधी शिकवायलाच कोणी नसे. माझ्या मनानं गावाला कौल आधीच दिला होता. तिथे लोक वाढत होते. तिथे खोली बांधायची होती. खोली डोळ्यांना दिसते.

समितीची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत झाली. समता कॉलोनीतला एक तरुण, कंप्युटरवर काम करणारा, मेहुण्याला म्हणाला, “अंकल, गाँव में तो रिज़ल्ट दिखता है. हॉस्पिटल में रिज़ल्ट क्या है?”

“रिज़ल्ट?” मेहुणा म्हणाला. “बेटा, वार्डातल्या माणसाचा रिज़ल्ट डाक्टर सांगते. मी चहा पाजतो.”

सगळे हसले. मीही हसलो. मग तो माझ्याकडे वळला. “काहून भाऊजी, हे प्रायॉरिटी म्हणजे काय हाय? मरून राहिलेल्या माणसाले सांगू का मी, थांब बाबा, तुहा नंबर तिसरा हाय?”

“तसं नाही रे,” मी म्हणालो. “काम बंद नाही होणार. फक्त मंडळी म्हणून आपण एका ठिकाणी जोर लावायचा.”

“मंग मले दोन माणसं द्या. गाडी नको, काही नको. दोन माणसं. एकट्यानं पेटी उचलता येत नाही. आन् दुसरी गोष्ट...”

ती दुसरी गोष्ट काय होती, मला आजही माहीत नाही. कारण मी म्हणालो, “आपण प्रार्थना करू या.”

जे आमच्यातले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे हात वर करून मतं घेत नाहीत. बोलणं होतं, मग कोणीतरी प्रार्थना करतो, सगळे आमेन म्हणतात आणि ठरलं असं धरतात. आमेन म्हटल्यावर पुन्हा तोच विषय काढणं म्हणजे देवाशीच हुज्जत घालणं. प्रार्थना करू या, असं कोणी म्हटलं की सगळ्यांचे डोळे आपोआप मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांनी कोणी वाद घालत नाही. हे मला ठाऊक होतं. कचेरीत लांबलेली बैठक गुंडाळायची माझी एक हातोटी होती, आणि चर्चमध्ये मला त्याहून चांगली सापडली होती. मी डोळे मिटले आणि म्हणालो, हे प्रभू, तू आम्हाला नदीपलीकडच्या गावाकडे, पिकलेल्या शेताकडे बोट दाखवलं आहेस, आम्हाला एक मन दे. देवानं कुठेही बोट दाखवलं नव्हतं. मी दाखवलं होतं.

आमेन, सगळे म्हणाले. मेहुण्यानंही म्हटलं, जरा उशिरा. वार्षिक सभेत मी सांगितलं की समितीनं हे एकमतानं ठरवलं. तो शब्द माझा होता आणि तो खरा नव्हता.

त्यानंतर मेहुणा एकटाच जात राहिला. महिला मंडळ गावातल्या खोलीचे पडदे शिवण्यात गुंतलं, त्याला सोबत मिळेना. पेटीची वेळ आली की तो ओळखीच्या रिक्षावाल्यांना हाताला धरून आणायचा. माझ्यापाशी कधी कुरकुर केली नाही.

गावातल्या खोलीचं उद्घाटन रविवारी ठेवलं. बस ठरवली, सगळी मंडळी जाणार. सकाळी मेहुणा माझ्या घरी आला. थर्मास खांद्यालाच होता.

“भाऊजी, मी नाही येत आज. एक बाई हाय गरियाबंदकडची. तिचं काही खरं नाही. नवऱ्याले मी सांगून ठेवलं, काही झालं तर चर्चले ये, इतवारी मी असतोच म्हणून.”

“आजच्याच दिवशी?” मी म्हणालो. “अरे, अध्यक्षाचाच मेहुणा नाही आला तर लोक काय म्हणतील? सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलंय.”

 तो माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, “ताई, तुह्या नवऱ्यानं मले आमेनात बांधून ठेवलं पाह्य.” बायको हसली. त्यानं थर्मास आमच्या ओट्यावर ठेवला आणि बसमध्ये येऊन बसला.

कार्यक्रम चांगला झाला. तो खरोखरच चांगला झाला, हेही लिहायला पाहिजे. गावातल्या बायका गात होत्या, वरण-भात होता, पाळक आनंदात होते. उपासनेच्या वेळी सगळ्यांनी मोबाइल बंद ठेवावेत ही सूचना मीच दिली होती. जेवणानंतर बसमध्ये चढताना फोन सुरू केला तर चर्चच्या चौकीदाराच्या बायकोचे कॉल पडलेले.

आम्ही परतलो तेव्हा ती फाटकाशीच उभी होती. म्हणाली, एक माणूस आला होता, छोट्या टेम्पोत बाईला घेऊन, चादरीत गुंडाळलेली. थर्मासवाले बबा कहाँ हैं, असं विचारत होता. मी त्याला सांगितलं, सगळे गावाला गेलेत. तो पायरीवर बसला. पाणी दिलं तर प्याला. टेम्पोवाला ओरडायला लागला तेव्हा उठला. कुठे गेला, आम्ही विचारलं. ते मी विचारलं नाही साहेब, ती म्हणाली.

मेहुणा फाटकातून आत गेला. त्या पायरीवर जाऊन बसला, जिथे तो माणूस बसला असेल तिथेच. बसमधून उतरणारी माणसं त्याला वळसा घालून आत गेली. दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला, वऱ्हांड्यात विचारत फिरला. कोणालाही त्या माणसाच्या गावाचं नाव नीट सांगता येईना. गरियाबंदच्या बाजूला एकदा जाऊनही आला. काही कळलं नाही. त्या बाईला माती कुठे मिळाली, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

थर्मास कितीतरी दिवस आमच्या ओट्यावर पडून होता. न्यायला ये म्हटलं, तर म्हणाला, “चर्चच्या किचनात देऊन टाका. आता मी काय, गावाच्या कामात हाय.” आणि खरंच, त्यानंतर तो दर रविवारी मुकाट्यानं बसमध्ये चढायचा.

आमच्यात भांडण झालं नाही. ख्रिसमसला तो जेवायला यायचा, पोरांची थट्टा करायचा. फक्त एक गोष्ट बदलली, आणि ती माझ्या बायकोच्याच आधी लक्षात आली.

“माझा भाऊ तुमच्या प्रार्थनेले आमेन म्हणत नाही हो.”

“त्याला ऐकू कमी येतं आता.”

“त्याले बरोबर ऐकू येते,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मग मी कान देऊ लागलो. बाकीच्यांच्या प्रार्थनेला त्याचा आमेन मागच्या बाकावरून खणखणीत येई. माझ्या प्रार्थनेनंतर नाही. बायको गेली तेव्हा कब्रस्तानात मी दोन शब्द प्रार्थना केली. त्यानं माझा हात धरला होता, घट्ट. पण तोंड बंदच.

मला त्याची माफी मागायची होती. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. मागे एकदा त्याच्या अंगणात बसलो असताना मी सुरुवातही केली होती, तेवढ्यात दूधवाला आला, आणि दूधवाल्याचा मी मनातून आभारी झालो. असा माणूस मी.

शेवटी तो आजारी पडला. समता कॉलोनीतल्या त्याच्या मुलीच्या घरी खाटेवर असायचा. आवाज पार खाली गेला होता. मी दुपारी जाऊन बसायचो, पपई नेऊन द्यायचो. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, “बोला भाऊजी काही.”

“त्या दिवशी,” मी म्हणालो, “मागच्या खोलीत, आपण बैठकीला बसलो होतो...”

तो माझ्याकडे बघू लागला. त्याला कळलं होतं मी कशाबद्दल बोलतोय. तो वाट बघत होता. तेवढ्यात त्याची मुलगी पाणी घेऊन आत आली आणि म्हणाली, “फूफाजी, पापा के लिए प्रार्थना कर दीजिए ना.”

मी डोळे मिटले. किती हलकं वाटलं मला, ते सांगायला लाज वाटते. लांबलचक प्रार्थना केली. तिच्यात आम्हा सर्वांच्या चुका, आम्हा सर्वांचा दुबळेपणा, सगळं घातलं. माझी चूक आम्हा सर्वांमध्ये मिसळून टाकली. आमेन म्हटलं. मुलीनंही म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे डोळे बहुधा मिटलेच नव्हते.

“झालं भाऊजी?” तो म्हणाला.

“झालं,” मी म्हणालो, आणि चपला घालून निघालो. पुढच्या रविवारच्या आत तो गेला.

सांगायचं होतं ते फार नव्हतं. तुझं बोलणं संपलं नव्हतं आणि मी डोळे मिटले. तू दोन माणसं मागितलीस, आणि अजून काही मागणार होतास. ते ऐकायला नको म्हणून मी देवाला मध्ये घातलं. त्या रविवारी तुला बसमध्येही मीच बसवलं. माझं चुकलं. मला माफ कर.