कागदापुरतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. विषय निघाला की मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून जायचो. आता सत्तरी उलटून गेली आहे आणि निमित्तंही संपली आहेत.

वर्ध्यात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशीनचा जमाना गेला तसा मी त्याच हॉलमध्ये संगणकाचा क्लास सुरू केला. चौदा संगणक होते, सगळे जुने. इंग्रजी अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून मला सगळी गल्ली ओळखायची. कुणाची बदली, कुणाची पेन्शन, कुणाची तक्रार, मजकूर माझाच असायचा. त्याचा मला मोठा अभिमान होता, म्हणून हे आधी सांगतो.

क्लासच्या मागच्या खोलीत एक मुलगी लोकांसाठी वेबसाइट तयार करायची. ती पुलगावजवळच्या नाचणगावची. आधी माझी विद्यार्थिनी, नंतर पुण्यात दोन वर्षं नोकरी करून आई आजारी पडली म्हणून परत आलेली. रोज पुलगावहून गाडीनं यायची. तिच्या हाताखाली दोन मुली होत्या. एक जिनिंग मिल, एक कॉलेज, एक बियाण्यांचं दुकान अशी कामं तिनं स्वतः फिरून मिळवली होती. कंपनीची नोंदणी मात्र माझ्या नावावर केली, कारण जागा माझी आणि मालक म्हणून एक वयस्क माणूस बरा दिसतो. "कागदापुरतं हो, सर," असं तीच म्हणाली होती. मी तिच्या कामात कधी लक्ष घातलं नाही, आणि मला त्यातलं कळतही नव्हतं.

त्या वेळी एका परदेशी कंपनीची योजना होती. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या, दुसऱ्यांसाठी वेबसाइट करणाऱ्या छोट्या संस्थांना तिची महागडी सॉफ्टवेअरं तीन वर्षं फुकट वापरायला मिळत. ही योजना तिनं शोधून काढली. अर्ज मी लिहिला. मंजुरी आली त्या दिवशी तिनं दोन्ही मुलींना आणि मला समोसे खाऊ घातले. तोवर ती चोरीच्या प्रतींवर काम करत होती आणि त्याची तिला फार लाज वाटायची. "आता कोणी विचारलं त मान वर करून सांगता येते, सर," ती म्हणाली.

वर्षभरानं माझ्या क्लासची मान्यता तपासायला माणसं येणार असं पत्र आलं. प्रत्येक संगणकावर रीतसर लायसन्सचं सॉफ्टवेअर हवं होतं. माझ्याकडे एकाही संगणकावर नव्हतं. मान्यता गेली असती तर क्लास बंद पडला असता आणि या वयात मला दुसरं काय येत होतं? मी तिला विचारलं, तुमच्या त्या फुकटच्या लायसन्सचा नंबर क्लासच्या मशीनवर चालेल का.

"चालते, पण टाकता येत नाई, सर. वेबसाइटच्या कामासाठीच दिलं आहे ते. आपण सही केली ना तसं."

"तपासणी झाली की काढून टाकू. कागदापुरतं."

"नाई, सर. कंपनीवाल्यायले तिकडे दिसते."

मी बरं म्हणून हॉलमध्ये परत गेलो. पण योजनेचं खातं माझ्या नावावर होतं, नंबर मला दिसत होता. रविवारी ती नसताना मी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो हसत म्हणाला, "फुकटचं आहे ना, सर, मंग लाजता काऊन? शेजारच्यायच्या मशीनवरबी टाकून देऊ का?" तपासणी नीट पार पडली. सॉफ्टवेअर काढून टाकायचं मी विसरलो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. पुढच्या वर्षीही तपासणी होणार होती.

चार महिन्यांनी त्या परदेशी कंपनीचा मेल आला. परवानगीपेक्षा जास्त संगणकांवर आमचा नंबर वापरला गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. आठ दिवसांत लेखी खुलासा हवा, नाहीतर योजनेतून नाव कमी आणि सगळी सॉफ्टवेअरं बंद. कॉलेजचं काम अर्ध्यावर होतं. ती मेल वाचत उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळली. क्लासमध्ये जाऊन एक-एक संगणक सुरू करून बघत राहिली, मुलं बसलेली असताना.

परत आल्यावर म्हणाली, "खुलासा तुमीच लिहा, सर. माह्यं इंग्रजी तेवढं नाई."

मी लिहिला. आयुष्यात लिहिलेल्या शेकडो अर्जांत तो सगळ्यात चांगला होता. त्यात मी असं म्हटलं की आमच्या तांत्रिक कर्मचारी महिलेनं मालकाला अंधारात ठेवून हा नंबर बाहेर अकरा संगणकांवर वापरला, आणि मालकाला याचा अतिशय खेद आहे. खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं. मालकानं केलं म्हटलं असतं तर योजना गेलीच असती, शिवाय मान्यता देणाऱ्यांच्या कानावर गेलं असतं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. शांतपणे, शिकवतो तसं.

तिनं पत्र दोनदा वाचलं.

"अकरा नाई, सर. चौदा मशीन आहेत. तिकडे आकडा जुळला पाहिजे."

मी अकराचे चौदा केले.

"आन् माह्यं नाव असंच जाईन?"

"कागदावर जाईल गं. इतक्या लांबून तुला कोण काय करणार आहे?"

बाहेर दोघी मुली कशावर तरी हसत होत्या. मग ती म्हणाली, "पाठवा," आणि खुर्चीवरून उठली, म्हणजे बटण मला दाबावं लागेल.

उत्तर चार दिवसांत आलं. खुलासा मान्य. योजना सुरू राहील. अट एकच होती. संबंधित व्यक्ती यापुढे संस्थेत काम करत नाही, असं मालकानं लिहून द्यावं.

माझ्या हातून पत्र इतकं चांगलं उतरलं होतं की त्यांनी विश्वास ठेवला. मी तेही लिहून दिलं. तिला म्हणालो, महिनाभर घरी राहा, मग बघू. तिनं सगळे पासवर्ड वहीत लिहून वही माझ्या टेबलावर ठेवली. तिच्याशिवाय त्या खोलीत काही होतच नव्हतं. कॉलेजवाल्यांनी काम काढून घेतलं, मुली सोडून गेल्या. जी योजना वाचवायला मी हे केलं, ती पुढं वापरायला कुणी उरलं नाही. क्लास मात्र टिकला.

गावात कुणी विचारलं तर मी म्हणायचो, पोरीनं जरा गडबड केली. लोक लगेच मान डोलवायचे. तिचं घर नाचणगावात बुद्धविहाराच्या मागे आहे हे माहीत असणारे जरा जास्तच लवकर. ते मला तेव्हाही कळत होतं आणि मी कुणालाही थांबवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं स्वतःच्या नावानं संस्था काढून त्याच योजनेसाठी अर्ज केला. नाकारला गेला, तिचं नाव त्यांच्या नोंदीत होतं. ती माझ्याकडे आली. "दोन ओळी लिहून द्या, सर. ते मी केलं नाई, एवढंच." मी म्हटलं, उद्या देतो. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा समोर मुलं बसली होती आणि मी म्हणालो, "दिसत नाही का, काम सुरू आहे?" ती दारातूनच परत गेली. त्यानंतर आली नाही.

क्लास मी मागच्या वर्षी बंद केला. रिकाम्या हॉलमध्ये बसून शेवटी त्या दोन ओळी लिहिल्या, दोन ओळींची दोन पानं झाली. कंपनीच्या त्या मेलवर पाठवलं तर पत्ताच अस्तित्वात नाही असं उत्तर आलं. योजना केव्हाच बंद झाली होती. मी कागद छापला, खिशात घातला आणि पुलगावची बस पकडली.

दार तिच्या आईनं उघडलं. मला ओळखल्यावर तिची धांदल उडाली. "या जी, सर, या! अवं, पाह्य कोण आलं!" खुर्ची पुसली, चहा टाकला. "तुमीच पह्यलं काम देलं माह्या पोरीले. घरी सांगतच राहे, सर असे, सर तसे. मंग कायनं सोडलं त सांगे नाई. म्हने, मनच नाई लागे." पोरीनं घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. या घरात मी अजूनही चांगला माणूस होतो.

ती आतून आली. केस पांढरे व्हायला लागले होते. आता ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, घरीच. दोन बायका कागद घेऊन ओट्यावर थांबल्या होत्या. मी चहा संपवला. ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"काही काम होतं का, सर?"

हात खिशावर होता. पण ते पत्र कंपनीला लिहिलेलं होतं. दोन पानांत खुलासा होता, तारखा होत्या, खेद होता. तिला उद्देशून त्यात एक शब्द नव्हता. तो तोंडानं सांगायचा होता आणि बसमध्ये मी तो पाठ करत आलो होतो.

"नाही, सहज आलो होतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. ऑटो आला, मी बसलो, ती वळली.

पाठ केलेलं एवढंच होतं: ते मी केलं, पोरी, आणि तुझं नाव घातलं. तुझ्यावर लोक लवकर विश्वास ठेवणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून घातलं. मला माफ कर.