फळीवरचं वजन

चि. ईशान आणि चि. मीरा,

होय, त्या फोटोत छत्री उघडून फळीवर बसलेली बाई मीच आहे. आणि ती फळी दोरानं ओढणारी तुमची मामेबहीण वैशूच आहे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू ताईला बैलासारखं जुंपलंस हे खरं का?" तेव्हा मी "आवाज तुटतोय" असं सांगून फोन ठेवून दिला. (आवाज मुळीच तुटत नव्हता.) पण फोटो समुद्र ओलांडून तुमच्यापर्यंत पोचलाच आहे, तर त्यामागची हकिगतही पोचली पाहिजे. ती मी आजच लिहून काढते आहे, कारण मी नाही लिहिली तर तुमचे आबा सांगतील, आणि आबा सांगतात तेव्हा माझं वजन दर वेळी वाढतं.

तुम्हाला माहीतच आहे की वैशू परभणीत एमएमए खेळते. म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा असं सगळं एका जाळीत. शेजारच्या सखूबाईंना मी हे समजावून सांगितलं होतं. त्यांचं घर मेंढ्या-शेळ्यांचं. टकरा त्यांनी जन्मभर पाहिलेल्या.

"म्हंजी भांडनच की वो बाई."

"भांडण नाही, खेळ. त्याला नियम असतात."

"भांडायला नियम कशाला लागतेत?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मागच्या वर्षी पहिल्याच लढतीत समोरच्या मुलीनं वैशूला उचलून आपटलं. वैशू रडली नाही, चिडली नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "आजी, तिनं मला पोत्यासारखं उचललं. पुन्हा कुणी उचलायचं नाही." या वर्षीची स्पर्धा पोळ्यानंतर लगेच होती. नेमकं त्याच सुमाराला त्यांच्या जिमचं छत गळायला लागलं आणि वैशू बॅग घेऊन आपल्याकडे झरीला आली. तिचे इरफान सर फोनवरून मला म्हणाले, "आजी, आता पोरीची जिम्मेदारी तुमची. ताकद बढनी चाहिए. वजन नक्को! वजन गटाच्या वर गेलं तर आत बी सोडणार न्हाईत."

जबाबदारी म्हटली की मला हुरूप येतो. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पोरांना शिस्त लावली. एका मुलीची ताकद वाढवणं ते काय! सरांनी पाठवलेल्या इंग्रजी सूचना मी चष्मा लावून वाचल्या आणि एकेका यंत्राला घरात पर्याय शोधला. हातात वजन घेऊन चालायचं? पाण्याच्या कळश्या. खांद्यावर वजन घेऊन बैठका? सखूबाईंचं कोकरू. (ते दुसऱ्याच बैठकीला घाबरलं आणि त्यानं जे करायचं ते वैशूच्या पाठीवर केलं. कोकरू रद्द.) राहिली ती जमिनीवरून ओढायची घसरगाडी. तिच्यावर वजन ठेवून ती पट्ट्यानं ओढायची होती.

"आपली फळी आहे की," मी म्हणाले.

पूर्वी बैल होते तेव्हा ढेकळं फोडायला बैलांमागे लाकडी फळी बांधायचे. ट्रॅक्टर आला, बैल गेले, फळी गोठ्यात उभी राहिली. मी ती झाडून घेतली, जुन्या पलंगाच्या नवारीचा पट्टा शिवून फळीच्या दोराला जोडला आणि ज्वारीसाठी मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यात स्वारी निघाली. पावसानं उघडीप दिली होती.

पहिल्यांदा फळीवर दगड ठेवले. ते घरंगळले. मग सोयाबीनचं पोतं ठेवलं. ते फाटलं आणि गावातल्या सगळ्या कोंबड्यांना बातमी लागली. वैशू कमरेवर हात ठेवून उभी.

"आजी, असं वजन पाहिजे जे पडत नाही, सांडत नाही."

बांधावरून आबा म्हणाले, "आणि जागचं हलत नाही. मला एक माहीत आहे."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि फळीवर उशी टाकून बसले. ऊन होतं म्हणून छत्री उघडली. गळ्यात शाळेतली शिट्टी होतीच, ती वाजवली. फळी हलली! वैशू पुढे वाकून ओढते आहे, ढेकळं फुटताहेत, मी मागे ताठ बसून "गुडघे वाक! पाठ सरळ!" असं ओरडते आहे. मला वाटलं, जगातल्या कुठल्याही जिममध्ये असं यंत्र नसेल. (यातलं हे एक वाक्य अजूनही खरं आहे.)

दोन-तीन दिवसांत तुकडा असा सपाट झाला की आबा खूश. "बैल होते तेव्हा तू कधी शेताकडे फिरकली नाहीस," ते म्हणाले.

पण रस्त्यानं जाणाऱ्यांना यातलं काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की ट्रॅक्टरवाल्यांच्या घरची पोर दोराला आणि म्हातारी छत्रीखाली! एके सकाळी गावातले ज्ञानोबा आपली बैलजोडी घेऊन थेट अंगणात आले.

"बाई, जोडी न्या. काम हुईपर्यंत ठिवा. पण लेकराला सोडा."

"अहो ज्ञानोबा, हा व्यायाम आहे. ती तिच्या खुशीनं ओढते."

"बैल बी कदी न्हाई म्हनत न्हाई, बाई."

वैशूनंच पुढे होऊन समजावलं, "मामा, खरंच, ताकद यायला ओढायलेय मी." ज्ञानोबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात तिला म्हणाले, "भिऊ नको. जेवायला तरी घालतेत का?"

झालं! इथून पुढे व्यायाम माझ्या हातात राहिला आणि वैशूचं पोट गावाच्या हातात गेलं. ती पळायला निघाली की कुणी दुधाचा तांब्या घेऊन आडवं यायचं. कुणी शेंगदाण्याचे लाडू. सखूबाई तर धपाट्यांवर लोण्याचा गोळा ठेवून कुंपणापलीकडून द्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच चोरी केली आहे.

"सखूबाई, तिचं वजन वाढता कामा नये हो!"

"तुमी वडून घ्या, आमी खाऊ घालतो. ज्याचं त्याचं काम."

एवढ्यात पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. ज्ञानोबांच्या बैलांचं आटोपलं, आणि सखूबाई त्यांच्याकडून तीच वाटी मागून घेऊन आमच्या ओट्यावर चढल्या. वैशूच्या खांद्यांवर नवारीचे लाल वळ उठलेले होतेच.

"बस खाली," त्या म्हणाल्या आणि चोळायला लागल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!"

आम्ही सगळे हसलो. सखूबाई हसत होत्या की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैल दारोदार गेले तशी वैशूही गेली. आवतन घेतलेलं, नाही कसं म्हणणार? एका घरी पुरणपोळी, दुसऱ्या घरी पुरणपोळी, तिसऱ्या घरी पुरणपोळीवर दूध. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चालत नव्हती, झुलत होती. मी शिट्टी हातात घेऊन दारात उभीच होते.

"किती खाल्ल्यास?"

"आजी, मोजल्या नाहीत. पण तुझ्या हातची राहिलीय."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? जबाबदार माणसानं ताट झाकून ठेवलं असतं. मी तूप वाढलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी परभणीला वजन करायचं होतं. मी, आबा, वैशू, आणि "लेकराकडं बघायला कुनी नको का?" असं म्हणत गाडीत आधीच बसलेल्या सखूबाई. वैशू काट्यावर चढली. टेबलामागच्या माणसानं मान हलवली.

"जास्त आहे."

"किती?" मी काट्यावर वाकून विचारलं.

"थोडंच. पण जास्त म्हणजे जास्त. तासाभरात कमी करा, नाहीतर नाव काढावं लागेल."

इरफान सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे एवढं वजन म्हंजे नेमकं काय आहे?"

मला ठाऊक होतं. ती माझी पुरणपोळी होती. तुपासकट.

वैशूचा चेहरा उतरला. मागच्या वर्षीचा तोच चेहरा होता तो. वर्षभर ती ज्या एका लढतीसाठी जगली, ती माझ्या एका पळीभर तुपात बुडणार होती. सरांनी तिला स्वेटर घालून पळायला लावलं. आबांचा रेनकोट, सखूबाईंची घोंगडी, ड्रायव्हरची माकडटोपी, सगळं अंगावर चढवलं. पण आभाळ भरलेलं, गार वारा सुटलेला; ती पळत होती आणि घाम येत नव्हता!

"वडल्याबिगर तिला घाम फुटत न्हाई," सखूबाई म्हणाल्या. "बाई, बसा."

"कशावर बसू? फळी झरीला आहे!"

सखूबाईंनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे केळ्यांचा हातगाडा उभा होता.

केळीवाल्याला समजावायला वेळ नव्हता. मी चप्पल काढून (शिस्त म्हणजे शिस्त) गाड्यावर चढले आणि घडांच्या मधे मांडी घातली. वैशूनं दांडा धरला. शिट्टी घरी राहिली होती म्हणून मी नुसतीच ओरडले, "पाठ सरळ!" आणि स्पर्धेच्या मैदानाभोवतीच्या रस्त्यानं आमची वरात निघाली. पुढे रेनकोट आणि माकडटोपीतली मुलगी, वर केळ्यांत बसलेली मी, मागे "माझा माल! माझा माल!" करत धावणारा केळीवाला, त्याच्या मागे त्याला धरू पाहणारे आबा.

लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका रिक्षावाल्यानं शेजारी येऊन विचारलं, "आजीला दवाखान्यात न्यायलात का? रिक्षात घाला की!"

"दवाखान्यात नाही," मी वरून म्हणाले. "मी वजन आहे."

त्यानं रिक्षाच थांबवली. एका आजोबांनी मला हात जोडले. एका बाईनं भाव विचारला. आणि मैदानाच्या दुसऱ्या फेरीला वैशूच्या कपाळावरून पहिला थेंब टपकला. मला इतका आनंद झाला की मी हातातलं केळं सोललं आणि खाल्लं. वैशूनं मागे वळून पाहिलं.

"आजी! वजन वाढतंय!"

"माझं वाढू दे. तू ओढ!"

काट्यावर ती पुन्हा चढली तेव्हा मी डोळे मिटले होते. टेबलामागचा माणूस म्हणाला, "चालेल." सखूबाईंनी त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तो दचकला.

पहिली लढत मी पाहिली. खरं सांगायचं तर बोटांच्या फटीतून. समोरची मुलगी उंच होती. तिनं वैशूच्या कमरेला मिठी घातली, उचलायला गेली, आणि वैशू जागची हलली नाही. मग वैशूनंच खाली वाकून तिला उचललं. अगदी अलगद, फळी हलते तसं. मी शिकवलं होतं तसं. पाठ सरळ.

ती लढत ती जिंकली. पुढची हरली, पण हरली ती उभ्यानं, तिला कुणी उचललं नाही. परतताना गाडीत मी विचारलं, "वैशू, ती मुलगी तुझ्यापेक्षा उंच होती. तुला जड नाही वाटली?"

"नाही आजी," ती केळं खात म्हणाली. (पूर्ण गाडाच विकत घ्यावा लागला होता.) "तुझ्यापुढे कुणीच जड वाटत नाही गं."

आबा झरी येईपर्यंत हसत होते.

जिमचं छत दुरुस्त झालं आहे, पण वैशू सुटीत अजून इकडेच येते. फळी गोठ्यात उभी आहे. नवार झिजली म्हणून पट्टा नवा केला, उशीला नवा अभ्रा शिवला. वजन मात्र जुनंच वापरतो.

तुमची,
आजी