कमलनं सही केली आणि दुकानात काच आली

सुभद्रानं काचेवर थाप मारली तेव्हा मी आत मशीनपाशी होते.

"शांताबाई, मी रस्त्यावर उभी राहून मिरची कुटून घ्यायची का?"

"कंपनीचा नियम हाय," मी आतून ओरडले. "टोकन घे, घरी जा, उद्या ये."

"उद्या येऊन काय करू? आज इथं हाये न मी!"

तिनं पिशवी उचलली आणि सेनगावच्या जीपकडे चालू लागली. सकाळपासून अशा कितीतरी बायका परत गेल्या होत्या. तेही ऐन उन्हाळ्यात. वर्षाची मिरची, हळद, काळा मसाला, सगळं याच दिवसांत कुटून घेतात. आमचं वर्षाचं पोट या एका सीझनवर चालतं.

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं आणि कमलचं मिरची कांडप आहे. कांडप म्हणजे मसाला कुटून देणारं मशीन. लोखंडी उखळ, वरून आपटणारं मुसळ, खाली चाळायची जाळी. आमच्याकडे अशी दोन कांडपं आहेत आणि दोन्हींना मिळून एक मोटर. कमल शेजारच्या तांड्यावरची. आम्ही दोघींनी वकिलाकडून रीतसर भागीदारीचा कागद करून घेतला होता. त्याला डीड म्हणतात. नफा निम्मा, तोटा निम्मा. त्या डीडमध्ये वकिलानं एक ओळ घातली होती, दोघींपैकी कुणाचीही सही चालेल. बँकेत दोघींनी जायला नको म्हणून. मला तेव्हा ती सोय वाटली.

मी वसमतला हळद आणायला गेले होते. परत आले तर कमलनं एका मसाला कंपनीच्या फ्रँचायझीवर सही करून ठेवलेली. भागीदारीत एकीनं सही केली की दुसरीही बांधली जाते. मी बोंबलून उपयोग नव्हता, तरी बोंबलले.

कंपनीचा एरिया मॅनेजर निखिल नावाचा पोरगा होता. बोलायला गोड. फ्रँचायझी म्हणजे काय, ते त्यानं मला चहा पिता पिता समजावलं.

"मावशी, दुकान तुमचंच, मशीन तुमचंच. फक्त नाव आणि पद्धत आमची. त्याबद्दल विक्रीतला थोडा वाटा कंपनीला. त्याला रॉयल्टी म्हणतात."

"आणि तोटा झाला तर?"

"तो तुमचा."

"म्हंजे कमल बरी. ती तोट्यात तरी निम्मी हाय."

कमल हसली नाही. तिला नवीन पाटी आवडली होती, ॲप्रन आवडले होते. तिची लेक सेनगावला दिलेली. तिथं असं दुकान झालं आणि गर्दी मावेना, असं लेकीनं फोनवर सांगितलेलं.

काच बसली. गिऱ्हाइकानं काउंटरवर माल द्यायचा, टोकन घ्यायचं, दुसऱ्या दिवशी भरलेला डबा न्यायचा. आत यायचं नाही. जाळी एकाच नंबरची, म्हणजे सगळ्यांचा मसाला सारखाच बारीक. निखिलचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. बायका लेकरं घेऊन मशीनला चिकटून बसायच्या, मिरचीच्या खाटानं उखळावरच शिंकायच्या. ते बंद झालं ते बरंच झालं.

पण आमच्याकडं बाई माल देऊन जात नाही. ती मशीनपाशी बसते. मसाला चिमटीत धरून बघते, जिभेला लावते, आणि सांगते, अजून बारीक कर, किंवा आता पुरे. एका घराला पीठ लागतं, दुसऱ्याला भरड. शिवाय आपल्या मिरचीत दुसरीची मिरची गेली नाही, हे तिला डोळ्यांनी बघायचं असतं. आमचा धंदा कुटण्याचा आहे असं मीही समजत होते. निम्मा धंदा बसू देण्याचा होता.

मी कमलला म्हणाले, "कंपनीला नोटीस देऊन टाकू. भरलेलं डिपॉझिट गेलं तर गेलं. पहिल्या सीझनला निघता येते असं कागदात लिहेल हाय."

"तू दे. मंग मी वेगळी होते. दोन कांडपं हायत, एक तुझं, एक माझं."

"मोटर कशी कापतीस?"

तिनं एकदा मोटरकडं बघितलं, पण बोलणं फिरवलं नाही. दोघींच्या फर्ममधून एक निघाली की फर्मच संपते. ते मला नको होतं. कमल तोंडानं फटकळ आहे, पण माझ्यासारख्या बोंबलणारीशी दुसऱ्या कुणी भागीदारी केली नसती. मी मुकाट्यानं ॲप्रन बांधून कुटत राहिले. गिऱ्हाईक घटत राहिलं.

मग कमलच्या लेकीनं तिच्या घरचा काळा मसाला कुटायला पाठवला. त्याच दिवशी निखिल तपासणीला आला होता. मी कमलला टोकन घ्यायला लावलं.

"माझ्या दुकानात मला टोकन?"

"नियम हाय. घे."

तिनं घेतलं. मी मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं बघते तर कमल काउंटर सोडून काचेला नाक लावून उभी. आणखी थोड्या वेळानं ती सरळ आत.

"शांते, जाळी बदल. लेकीच्या सासूला इतकं बारीक चालत न्हाई."

"कंपनीची एकच जाळी हाय."

"येडेपणा करू नको. मुठीत दे, बघू दे मला."

निखिल धावत आला. "कमलमावशी, कस्टमर आत अलाउड नाही."

"मी कस्टमर न्हाई. मालकीण हाये."

"मग ॲप्रन, टोपी कुठंय?"

"बाबू, मालकीण असून मला माझा मसाला बघता येत न्हाई का?"

"नियम आहे मावशी. मी काय करू? मला वर विचारावं लागेल."

"विचार. एक बाई तरी आत बसू देता का, विचार."

त्यानं तिथूनच फोन लावला. वरून नकार आला. आमच्यासाठी एक नियम आणि बाकीच्यांसाठी दुसरा, असं चालत नाही म्हणे. ते त्यांच्या जागी बराबर होतं. सगळीकडं एकसारखं, हेच तर ते विकतात.

कमलनं उखळातला मसाला चिमटीत घेतला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं.

"शांते, ती नोटीस कशी द्यायची असते?"

नोटीस दिली. डिपॉझिट गेलं, निम्मं तिचं, निम्मं माझं. पाटी आणि ॲप्रन परत केले. बायका परत आल्या, सगळ्या नाही. सुभद्रा अजून सेनगावच्या जुन्या, बिनकाचेच्या कांडपावरच जाते. वकिलाकडं जाऊन आम्ही डीडही बदललं. आता दोघींच्या सह्या लागतात.

कुणी फ्रँचायझी घ्यायची म्हणून विचारायला आलं तर मी एवढंच सांगते. आधी त्यांच्या दुसऱ्या एखाद्या दुकानात स्वतःच्या घरचा माल देऊन या. घरी येऊन जिवाला चैन पडली तर सही करा. आणि भागीदार असेल तर त्यालाही सोबत न्या, नाहीतर तो नंतर तुमच्याच डोक्यावर बसतो.